चारशे पानांचं प्रमाण

तांबट आळीच्या तोंडाशी माझं दुकान, सात बाय नऊ.
मागच्या भिंतीवर खिळे, खिळ्यांवर वायरी.
याच खिळ्यांवर अण्णांच्या कळशा असायच्या,
उलट्या टांगलेल्या.

पहिल्या खिळ्यावर काळ्या जिभेची.
खोक्यावर छापलंय चारशे ऐंशी.
ते मेगाबिट. आठानं भागा, उरले साठ,
आणि पदरात पडतात पस्तीस.
मेन रोडला भाव करून साडी घेतलीये ना कधी?
तसंच, फक्त उलट्या बाजूनं.

दुसरी निळ्या जिभेची, पाच गिगाबिट.
तिसरी टाइप-सी.
हिला उलटसुलट नाही, कशीही घाला.
मी गिऱ्हाइकाला म्हणते, दुतोंड्या मारुती हा,
कुठूनही या, तोंड समोरच.
लोक हसतात आणि शालिमारला जाऊन
पन्नास रुपयांची घेतात.
तोंड तेच. आत चारशे ऐंशीच.

चौथी विजेची खूण असलेली, चाळीस गिगाबिट.
कॉलेज रोडच्या लग्न-शूटिंगवाल्या पोरांसाठी मागवली.
एक गेली. उधारीवर.
आणि कोपऱ्यात फायरवायर. तिला कुणी विचारत नाही,
खिळा रिकामा दिसू नये, एवढंच तिचं काम.

शनिवारी पुष्पलता कोठुळे आल्या.
पदराच्या गाठीत हार्ड डिस्क,
अंगाला फोडणीचा वास.
"सगळ्यात फास्ट कुठली? ती लावा."

मी म्हटलं, ताई, आत तबकडी आहे,
मिनिटाला पाच हजार चारशे फेरे.
ती देईल सेकंदाला शंभर. फार तर एकशे दहा.
वर चाळीस गिगाबिट लावा नाहीतर सोन्याची तार,
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?
निळी लावली.

अण्णा स्टुलावर.
ठोक्यांनी कान जाऊन सतरा वर्षं झाली.
सहज हात ठेवला त्यांनी डिस्कवर,
भांड्यावर ठेवतात तसा, बोटांची टोकं फक्त.
म्हणाले, "टोला चुकतोय गं."

मी कान लावला.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक्. टक्.

"ताई, ही जाणार. आज, कदाचित आत्ता.
आधी काय काढू?"
विचारलं खरं, पण बाण मी आधीच नेला होता
'फोटो'वर. माणसं मला माहीत आहेत.
लेकीचं लग्न असेल, ह्यांची साठी असेल.

"फोटो राहू द्या. 'प्रमाण' म्हणून काहीतरी असेल बघा."

होतं. एकच फाइल.
चारशे पानांचा मसालेभात, तांदूळ अठ्ठावीस किलो.
तूरडाळ. गूळ. चिंच, कोरडी, बियांशिवाय.
शेवटच्या रकान्यात आचाऱ्यांची टिपणं:
मखमलाबादचं वऱ्हाड असेल तर पन्नास पानं जास्त धरा.
यजमान स्वतः चव घेत असतील तर मीठ नंतर.

दोनशे बारा केबी.
बोट उचलेपर्यंत आली.
पस्तीसनं आली असती तरी तेवढ्यातच,
चाळीस गिगाबिटनंही तेवढ्यातच.
एवढ्या खिळ्यांचा हिशेब
माझ्याच दुकानात, माझ्याच डोळ्यांदेखत, वाया.

कोठुळेबाईंनी तिथूनच फोन लावला,
पंचवटीच्या हॉलवर कढया चढल्या होत्या.
"मीठ चार किलो. नाही, अंदाजे नाही. चार.
ह्यांनी लिहिलंय."
ह्यांनी, हे म्हणताना आवाज जरा चढला,
भांड्यांच्या गोंगाटामुळेही असेल.

पैसे दिले. पेन ड्राइव्ह गाठीत बांधला. गेल्या.
कुठली वायर लावली होती, विचारलंच नाही.

फोटो चालू ठेवले मी.
अडतीस टक्क्यांवर टक् थांबलं,
ते अण्णांच्या बोटांना माझ्या आधी कळलं.

मग त्यांनी खालची तुटकी वायर उचलली,
नखानं वरचं रबर सोललं,
आतली तार उजेडात धरली.
केसाहून बारीक.

"तांबंच आहे," म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
"एवढंसंच?"